परवानगीत गेलेले आठवडे

गर्भपाताच्या हक्कावरचा वाद गेली पन्नास-साठ वर्षे मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत आला आहे. गर्भाला माणूस कधीपासून मानायचे हा पहिला प्रश्न, आणि स्त्रीच्या शरीराबाबतचा निर्णय कोणी घ्यायचा हा दुसरा. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर विचारी माणसांनी आयुष्ये खर्ची घातली आहेत. पण या विषयावरचे निकाल आणि कायदे वाचत गेले, तसतसे मला दिसू लागले की प्रत्यक्षात बाईच्या वाट्याला काय येणार हे बहुतेक वेळा वेळेवर ठरते. गर्भपात ही गंभीर बाब आहे हे दाखवण्यासाठी कायदा सह्या, समित्या, समुपदेशन आणि सक्तीची थांबण्याची मुदत एकामागून एक उभी करतो. त्यांत आठवडे जातात, आणि ज्या गर्भाच्या काळजीपोटी हे सगळे उभे केले तो गर्भ तोवर आणखी वाढलेला असतो. कायद्याच्या स्वतःच्याच मापाने पाहिले, तर त्याने एक हलकी गोष्ट जड करून ठेवलेली असते.

हे आठवडे कसे मोजतात ते आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण चर्चा करणाऱ्या पुष्कळांना, विशेषतः पुरुषांना, ते ठाऊक नसते. गर्भधारणा नेमकी कोणत्या दिवशी झाली हे सहसा कोणालाच सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू करतात. त्यामुळे कागदावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गर्भ असतच नाही. जिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी नेमाने येते तिची पाळी चुकते, त्या दिवशी हिशेबाने चार आठवडे भरलेले असतात. अमेरिकेत टेक्सास राज्याने २०२१ मध्ये गर्भाच्या हृदयाची हालचाल दिसू लागल्यानंतर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनंतर, गर्भपातास मनाई केली. ऐकणाऱ्याला वाटते की दीड महिना मिळाला. प्रत्यक्षात, पाळी कधीच मागेपुढे न होणाऱ्या आणि तारखेवर बारीक लक्ष ठेवणाऱ्या बाईलाही पाळी चुकल्यापासून अशा कायद्यात दोनच आठवडे मिळतात. तेवढ्यात तिने तपासणी करायची, घरी बोलायचे किंवा न बोलायचे ठरवायचे, पैसे जमवायचे आणि डॉक्टरची वेळ मिळवायची. जिची पाळी नुकतीच सुरू झाली आहे अशी मुलगी, जिला पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा विकार, आहे, जी बाळाला अंगावर पाजते आहे, जिची पाळी जाण्याचे वय आले आहे, अशा बायकांना तर ही मुदत संपल्यावरच दिवस राहिल्याचे कळण्याची शक्यता मोठी असते.

आता नैतिकतेकडे येते. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्ये एक युक्तिवाद मांडला आणि तो अजून टिकून आहे. समजा, एके सकाळी तुम्ही जागे होता आणि पाहता, तर एका नामांकित व्हायोलिनवादकाचे रक्ताभिसरण तुमच्या शरीराला जोडलेले आहे. नऊ महिने तसेच पडून राहिलात तर तो वाचेल, सुटका करून घेतलीत तर मरेल. तो पूर्ण माणूस आहे, निरपराध आहे, त्याला जगण्याचा हक्क आहे, हे सगळे मान्य. तरीही, तुमचे शरीर वापरण्याचा हक्क त्याला त्यातून मिळतो का? थॉमसन यांचे म्हणणे, मिळत नाही. तुम्ही पडून राहिलात तर तो तुमचा मोठेपणा, पण तुमच्यावर तशी सक्ती करता येणार नाही. या युक्तिवादाचे बळ असे की गर्भ माणूस आहे हे विरोधकांचे गृहीतक मान्य करूनही तो उभा राहतो. डॉन मार्क्विस यांनी १९८९ मध्ये समोरच्या बाजूने तितकाच धारदार मुद्दा मांडला. कोणालाही मारणे वाईट का, तर त्याच्यापुढे असलेले सगळे आयुष्य आपण हिरावून घेतो म्हणून. आणि गर्भापुढे तर तुमच्याआमच्यापेक्षाही जास्त आयुष्य असते. मार्क्विस यांच्या मांडणीत आत्मा नाही, धर्म नाही, म्हणून ती झटकून टाकता येत नाही.

मला स्वतःला दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात, आणि त्याचे कारण एकच आहे. दोन्हींमध्ये गर्भ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखा आहे. ज्यांनी गरोदरपण जवळून पाहिले आहे त्यांना असे वाटत नाही. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारा सेंटीमीटरभर लांबीचा ठिपका आणि तिसाव्या आठवड्यात आवाजाने दचकणारे, लाथ मारणारे बाळ यांच्यात केवळ आकाराचा फरक नसतो. फलित बीजांपैकी कितीतरी गर्भाशयात रुजतच नाहीत आणि त्यांचा कोणाला पत्ताही लागत नाही. त्या प्रत्येकाला मेलेला माणूस मानायचे, तर जगातले सर्वात मोठे मृत्युसत्र तेच ठरेल, आणि गर्भपाताला कडवा विरोध करणारेही ते थांबवण्यासाठी संशोधनाची मागणी करताना दिसत नाहीत. ज्या बाईला मूल हवे होते तिचा गर्भ सातव्या आठवड्यात पडला, तर तिचे दुःख मात्र शंभर टक्के खरे असते. त्या दुःखाला कोणी ‘एवढ्यात काय, पुन्हा राहील’ असे म्हणाले की मला राग येतो. पण त्या दुःखाचा उगम तिने मनात धरलेल्या आशेत असतो, म्हणून एकीचे दुःख हे दुसरीवर सक्ती करण्याचे कारण होऊ शकत नाही. गर्भाचे नैतिक मोल हळूहळू वाढत जाते, असे माझे मत आहे. सुरुवातीला ते इतके थोडे असते की बाईच्या निर्णयापुढे ते टिकू नये, आणि शेवटी शेवटी इतके असते की तिच्या जिवाला किंवा आरोग्याला गंभीर धोका असल्याखेरीज किंवा गर्भ जगण्याजोगाच नसल्याखेरीज त्याला बाजूला सारू नये.

हे मत एकट्या माझे नाही. निरनिराळ्या देशांच्या कायद्यांतील आठवड्यांच्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत. तर मग कायद्याने सर्वात आधी पाहायला हवे ते हे की, ज्या बाईने गर्भ नको असे ठरवले आहे तिला तो लवकरात लवकर काढून टाकता आला पाहिजे. इथेच बहुतेक कायदे नेमके उलटे वागतात.

कॅनडाचे उदाहरण फार बोलके आहे. १९६९ च्या कायद्याने तिथे गर्भपाताला वाट करून दिली, पण मान्यताप्राप्त रुग्णालयातील किमान तीन डॉक्टरांच्या समितीने दाखला दिला तरच. कितीतरी रुग्णालयांनी अशी समितीच नेमली नाही. १९७७ मध्ये सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने पाहणी केली, तेव्हा बाई पहिल्यांदा डॉक्टरकडे गेल्यापासून गर्भपात होईपर्यंत सरासरी आठ आठवडे जात असल्याचे आढळले. पाळी चुकल्यावर सहाव्या आठवड्यात धावत गेलेली बाई, जिचे काम तेव्हा थोड्या वेळात आटोपले असते, ती चौदाव्या आठवड्यापर्यंत वाट पाहत बसे. १९८८ मध्ये मॉर्गेन्टेलर खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला, आणि न्यायमूर्तींच्या कारणमीमांसेत या विलंबाला मोठे स्थान होते: दर आठवड्याने शारीरिक धोका आणि मानसिक ताण वाढतो आणि तो राज्याच्याच व्यवस्थेने लादलेला असतो, म्हणून स्त्रीच्या जीविताच्या सुरक्षिततेचा भंग होतो. त्यानंतर कॅनडात गर्भपाताला फौजदारी मर्यादाच राहिलेली नाही. तसे झाले तर बायका आठव्या महिन्यात मन बदलत सुटतील, अशी भीती घालणाऱ्यांनी तिथला अनुभव पाहावा. बहुतांश गर्भपात पहिल्या तीन महिन्यांतच होतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली झालेल्या गर्भपातांपैकी जवळपास नऊ-दशांश दहा आठवड्यांच्या आत झाले. दहा वर्षांपूर्वी हेच प्रमाण साधारण तीन-चतुर्थांश होते. मधल्या काळात बायका अधिक सदाचारी झाल्या असे काही नाही. गर्भपाताच्या गोळ्यांचा वापर वाढला, आणि महामारीच्या काळात त्या दूरध्वनीवरील सल्ल्यानंतर घरपोच मिळू लागल्या, म्हणजेच मधली थांबण्याची ठिकाणे कमी झाली. गर्भ शक्य तितका लहान असतानाच निर्णय व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या बदलाचे स्वागत करायला हवे होते. त्यांच्यातल्या पुष्कळांनी विरोधच केला.

समुपदेशन आणि थांबण्याची मुदत यांच्यामागचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. जर्मनीत गर्भधारणेपासून बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात आजही कायद्याच्या भाषेत बेकायदाच आहे, पण समुपदेशनाचा दाखला घेऊन तीन दिवस थांबलेल्या स्त्रीला आणि तिच्या डॉक्टरला शिक्षा होत नाही. तिथल्या घटना न्यायालयाच्या १९७५ आणि १९९३ च्या निकालांतून निघालेली ही तडजोड आहे. नाझी राजवटीने कोणाचे जगणे मोलाचे हे ठरवले होते, त्या आठवणीमुळे जर्मन न्यायालय जीविताच्या हक्काबाबत जपून बोलते हेही समजू शकते. इटलीच्या १९७८ च्या कायद्यात सात दिवस विचार करण्याची मुदत आहे आणि नव्वद दिवसांची मर्यादा आहे. शिवाय सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून नकार देण्याची मुभा डॉक्टरांना आहे, आणि तिथले सुमारे दोन-तृतीयांश स्त्रीरोगतज्ज्ञ ती वापरतात. एकेका डॉक्टरचा नकार मी मान्य करीन. परंतु एखाद्या भागातले जवळपास सगळेच डॉक्टर नकार देतात आणि मर्यादेची तारीख मात्र जागची हलत नाही, तेव्हा कागदावरचा हक्क कागदावरच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सक्तीची मुदत आणि त्रयस्थाची परवानगी, दोन्ही नकोत असे स्पष्ट म्हटले आहे.

थांबण्याची किंमत काय असू शकते, हे आयर्लंडमध्ये २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले. सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य सतरा आठवड्यांची गरोदर होती आणि तिला ते मूल हवे होते. रविवारी २१ तारखेला पाठदुखी घेऊन ती गॉलवेच्या रुग्णालयात गेली. गर्भ पडणे अटळ आहे, बाळ वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळून चुकले होते. मंगळवारी तिने विचारले की बाळ जाणारच असेल तर हे आत्ताच संपवता येणार नाही का. गर्भाचे ठोके अजून चालू आहेत आणि तिच्या जिवाला धोका दिसत नाही, तोवर कायदा परवानगी देत नाही, असे उत्तर मिळाले. बुधवारी जंतुसंसर्ग रक्तात भिनला असल्याचे निदान झाले, त्याच दिवशी मृत गर्भ आपोआप पडला, आणि पुढच्या रविवारी, २८ तारखेला, ती गेली. मृत्यूच्या चौकशीत साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाने सांगितले की सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर ती बहुधा वाचली असती. रुग्णालयाने लक्षणे ओळखण्यातही कसूर केली होती, हे चौकशीत नोंदले गेले आणि ते विसरता येणार नाही. पण मुळातली अडचण अशी की, १९८३ च्या घटनादुरुस्तीने आई आणि गर्भ यांचा जीविताचा हक्क समान ठरवला होता, त्यामुळे आरोग्याला धोका असून भागत नव्हते, जीवच धोक्यात यावा लागत होता. आजार पुरेसा बळावेपर्यंत डॉक्टरने हात बांधून उभे राहायचे आणि तो बळावल्यावर वाचवायचे, हे वैद्यकशास्त्रात बसणारे काम नाही. २०१८ च्या मे महिन्यात आयरिश मतदारांनी दोन-तृतीयांश मतांनी ती तरतूद काढून टाकली. नव्या कायद्यातही तीन दिवस थांबण्याची अट राहिलीच.

बंदी घालून गर्भपात थांबत नाही याचा पुरावा म्हणून रुमानियाचे नाव नेहमी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या १९६६ च्या बंदीच्या फर्मानानंतर एक वर्ष जन्म जवळपास दुप्पट झाले, मग बायकांनी आडमार्ग शोधले आणि जन्मदर पुन्हा उतरला. त्या तेवीस वर्षांत असुरक्षित गर्भपाताने सुमारे १० हजार स्त्रिया मेल्या असे मानले जाते. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली, तेव्हा हे फर्मान रद्द करणे हे नव्या सरकारच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक होते, आणि मातामृत्यूचा दर एका वर्षात जवळपास निम्म्यावर आला.

ज्या मुद्द्यावर मी अडखळते तो लिंगनिवडीचा आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हा स्त्रीच्या निवडस्वातंत्र्याचा भाग मानायला माझे मन तयार होत नाही, आणि ती निवड पुष्कळदा तिची नसतेच, सासरची असते. भारताने १९९४ मध्ये गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा केला, त्याचा रोख निदान करणाऱ्या यंत्रावर आणि तज्ज्ञावर आहे. तो रोख बरोबरच आहे असे मला वाटते, कारण प्रत्येक बाईच्या मनातले कारण तपासायला निघालो तर प्रत्येक बाई संशयित होईल. परंतु प्रत्यक्षात दोन कायद्यांची सरमिसळ झाली. तपासणीच्या भीतीने काही दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडले, काही डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर आलेल्या बाईला दुसरीकडे पाठवू लागले, आणि या गोळ्या तर गर्भाचे लिंग सोनोग्राफीत दिसू लागण्याच्या आधीच्या काळात वापरायच्या असतात. मुलींना वाचवण्याच्या कायद्याचा भार असा बायकांवरच पडला. अपंगत्वाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. व्यंग असलेल्या गर्भासाठी मर्यादा सैल करणे म्हणजे अशा माणसांचे जगणे कमी मोलाचे आहे असे सांगणे होय, ही अपंग हक्क चळवळीची टीका मला रास्त वाटते. मात्र त्यावर उपाय म्हणून अशा मुलाच्या संगोपनात समाजाने काहीच वाटा न उचलता आईला सक्तीने बांधून ठेवायचे, हे त्या चळवळीनेही मागितलेले नाही.

भारतीय कायद्याची घडणच मुळी डॉक्टरभोवती आहे. गर्भपात घडवून आणणे हा दंडसंहितेतला गुन्हा होता आणि नव्या न्यायसंहितेतही तो आहे. १९७१ च्या कायद्याने अटी पाळणाऱ्या डॉक्टरला त्यातून सूट दिली. त्यामुळे बाईच्या इच्छेला आधी डॉक्टरच्या मताचे रूप घ्यावे लागते. त्या कायद्याची मर्यादा वीस आठवडे होती, आणि व्यंग शोधण्याची सविस्तर सोनोग्राफी होते अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. हृदयाचे काही दोष तर त्यानंतरच दिसतात. २००८ मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे मर्यादा उलटल्यावर कळले, मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि काही दिवसांतच त्यांचा गर्भ आपोआप पडला. कायदा बदलायला तेरा वर्षे लागली. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली आणि गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने ती काढूनच टाकली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्या चोवीस आठवड्यांत सामावून घेतले. हे पाऊल मोठे होते.

तरीही इतर बहुतेक बायकांची वाट चोवीसनंतर न्यायालयातूनच जाते, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमधले प्रकरण वाचताना मला फार त्रास झाला. दोन मुलांची सत्तावीस वर्षांची आई, धाकटे अंगावर पीत असलेले, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार चाललेले. पाळी परत आलीच नव्हती, त्यामुळे ती चुकल्याचे कळण्याचा प्रश्नच नव्हता. कळले तेव्हा चोवीस आठवडे होत आले होते. ९ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कळवले की गर्भ जिवंत जन्मण्याची शक्यता आहे, तेव्हा आधी त्याचे हृदय थांबवायचे का. ११ तारखेला त्याच दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, आणि १६ तारखेला सरन्यायाधीशांच्या पीठाने, गर्भ सव्वीस आठवडे पाच दिवसांचा असताना, परवानगी नाकारली. हृदय थांबवा असे सांगणे न्यायमूर्तींना जमले नाही, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. त्या टप्प्यावर माझ्याही मनाने कच खाल्ली असती. पण नकार मिळेपर्यंत त्या बाईला एकदा हो म्हटले गेले होते, आणि पुढचे महिने तिने त्या ‘हो’सकट काढायचे होते. न्यायालयाने इतक्या उशिराच्या प्रकरणात उत्तर शोधण्यापेक्षा व्यवस्थेने आधी हात पुढे करायला हवा होता. बाळाला अंगावर पाजणारी बाई लसीकरणासाठी, स्वतःच्या उपचारांसाठी दवाखान्यात अनेकदा येत असते. पाळी आली नसेल तर दर खेपेला तिची लघवीची साधी चाचणी करावी, गर्भनिरोधक हवे का हे तिला एकटीला विचारावे आणि चाचणीत काही निघाले तर त्याच आठवड्यात तिला गोळ्या मिळतील अशी सोय त्याच दवाखान्यात असावी, एवढे आरोग्य खात्याला आजच्या कायद्यातही करता येईल.